ताकदीची गोळी

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक लहानसे फडताळ आहे. वडील होते तोवर त्यात पोथ्या, पंचांग आणि अंगाऱ्याची डबी एवढाच ऐवज असे. आता पोथ्या वरच्या फळीवर गेल्या आहेत, पंचांग खिळ्याला टांगले आहे, आणि फडताळाचा ताबा औषधांनी घेतला आहे. चाळिशी उलटली की माणूस पुस्तकांच्या कपाटापेक्षा औषधांच्या फडताळापुढे अधिक वेळा उभा राहतो, हा माझा स्वतःचा अनुभव. आणि मी तर पोटापाण्यासाठी पुस्तकांनाच बांधलेला माणूस!

या फडताळात दोन वस्तू शेजारीशेजारी नांदतात. एक आमच्या सौभाग्यवतींची गोळ्यांची बाटली, आणि दुसरी आईच्या गोळ्यांची पाकिटे. दोघींच्याही गोळ्या पांढऱ्या, लहान, सकाळी उठल्याउठल्या घ्यायच्या आणि जन्मभराच्या. सासू-सुनेचे निदान एवढ्या बाबतीत तरी जमते, असे मी थट्टेने म्हणतही असे. २०२२ च्या दिवाळीत मला कळले की या दोन गोळ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि एवढे कळण्यासाठी आई जवळजवळ हातची जावी लागली.

पण आधी हिच्या गोळीबद्दल.

हिचा आजार तसा घरोघरी आढळणारा. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची जी ग्रंथी असते, जिला पाठ्यपुस्तके ‘अवटू’ म्हणतात नि उरलेला महाराष्ट्र ‘थायरॉइड’ म्हणतो, ती हिच्या पस्तिशीत मंदावली. वजन वाढू लागले, केस गळू लागले, आवाज जाड झाला, आणि ऐन चैत्रात ही शाल पांघरून बसू लागली. मी या साऱ्याचे खापर दुपारच्या झोपेवर फोडून मोकळा झालो होतो. रक्त तपासल्यावर माझे तोंड बंद झाले. “सूनबाईंना थायरॉइड झालाय,” असे आमची मावशी ज्याला त्याला सांगू लागली, तेव्हा मात्र मला राहवेना. मी म्हटले, “मावशी, थायरॉइड सर्वांनाच असतो. हिचा जरा आळसावलाय, इतकंच.” मावशी म्हणाली, “तेच ते!” भाषेच्या शिक्षकाने घरात फार बोलू नये, हेच खरे.

हिची गोळी थायरॉक्सिनची, ७५ मायक्रोग्रॅमची. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दिवाळीच्या दिवसांत सोन्याची भाषा सर्वांना समजते, म्हणून त्याच मापाने सांगतो. एक गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. एवढ्याशा गुंजेच्या वजनात हिच्या सोळाशे दिवसांचे, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाचे औषध बसेल. गोळीचा बाकीचा सारा भाग नुसता ती बोटांच्या चिमटीत धरता यावी म्हणून! आणि या कणभर द्रव्याचा मान केवढा! ते रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचे. त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी, कारण ती पोटात याची वाट अडवते. त्यामुळे नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे पहिला गजर साडेचारला होतो तो अभ्यंगस्नानासाठी नव्हे, हिच्या गोळीसाठी. आम्ही सारे कारीट फोडून फराळाला बसेपर्यंत हिला चहाची परवानगी मिळालेली असते.

ही गोळी कोठून आली, हे वाचायला मी एकदा बसलो आणि संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या एका तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून, ही ग्रंथी निकामी झालेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. बाई सुजलेली, मंदावलेली, बोलायलाही कष्ट पडणारी. काही महिन्यांत ती हिंडूफिरू लागली. पुढे अर्क तोंडाने घेता येऊ लागला, आणि ती बाई आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला जो अर्क लागला त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असा हिशेब मरेने १९२० साली लिहून ठेवला आहे. एका बाईसाठी मेंढ्यांचे एवढे कळप! आमच्या हिच्या बाटलीत शंभरावर गोळ्या असतात आणि किंमत दिवाळीच्या मिठाईच्या एका पुड्याहून कमी. १९१४ च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल याने त्या अर्कातले शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले, आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवताही येऊ लागले. मेंढ्या सुटल्या!

या कहाणीतली मला भावलेली गोष्ट निराळी आहे. त्या बाईला मरेने ‘बरे’ केले नाही. तिची ग्रंथी शेवटपर्यंत निकामीच होती. ग्रंथी जे देत नव्हती ते त्याने बाहेरून दिले, इतकेच. आपल्या बोलण्यात औषध म्हणजे आजार हाकलणारा शिपाई. आजार गेला की शिपायाला रजा. “औषध सुटलं एकदाचं” हे आपण आनंदाने सांगतो. पण या ग्रंथींच्या बाबतीत ही भाषा लागूच पडत नाही. हे औषध नव्हे. हा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नेमलेला बदली कामगार आहे, आणि मूळचा माणूस परत येणार नाही. ग्रंथींच्या या स्रावांना १९०५ साली स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ म्हटले, ते ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीत कोणीतरी ‘संप्रेरक’ असा शब्द घडवला. पारिभाषिक शब्दांची टिंगल आम्ही शिक्षकमंडळी पुष्कळ करतो, पण हा शब्द मला मनापासून आवडतो. स्वतः काही न करता दुसऱ्याला कामाला लावणारा, तो संप्रेरक. आमच्या घरात हे काम आई करते.

एकदा आम्ही नागपूरला लग्नाला गेलो आणि ही बाटली घरीच विसरली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही. हे द्रव्य शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. सवय लावून घेऊ नका म्हणजे झालं.” गोळीचे प्रमाण बदलले की सहा-आठ आठवडे थांबून मग रक्त तपासतात, तेही याचसाठी, परिणाम सावकाश चढतो नि सावकाश उतरतो. उत्तर अगदी बरोबर होते. ‘एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसले ते नको त्या जागी.

आता आईबद्दल. २०१७ च्या उन्हाळ्यापासून ती रोडावू लागली. जेवणावरची वासना उडाली, उभे राहिले की चक्कर, दुपारपर्यंत थकून आडवी. रंगही काळवंडला. “कोकणात आंब्याच्या दिवसांत उन्हात फिरलीस ना, त्याचंच हे,” असे आम्ही म्हटले. पण ऊन तळहाताच्या रेषांत आणि हिरड्यांत कसे शिरेल, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. एके रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात आई अंधारात उभी राहून लोणच्याचा खार चाटत होती. मला पाहताच लहान मुलीसारखी ओशाळली. म्हणाली, “काय करू रे, मीठ खावंसंच वाटतं.” मी तिला रक्तदाबावर व्याख्यान दिले.

त्याच सुमारास मावशी येऊन गेली. तिने आईला पाहिले आणि सल्ला दिला, “सूनबाईंचीच गोळी दे की हिला. त्यांना कशी हुशारी आली बघ!” आई गोळीला हातही लावायला तयार नव्हती म्हणून ते राहिले. पुढे हे मी डॉक्टरीणबाईंना हसत हसत सांगितले, तर त्या हसल्या नाहीत. आईच्या शरीरात ज्या द्रव्याचा दुष्काळ होता, ते थायरॉक्सिनमुळे आणखी वेगाने खर्ची पडते. ती गोळी सुरू झाली असती तर आईला तेव्हाच इस्पितळ गाठावे लागले असते. एकाच्या औषधाने दुसऱ्याला हुशारी आणणारे लोक प्रत्येक घरात असतात. त्यांचे प्रेम घ्यावे, सल्ला घेऊ नये.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना ‘अधिवृक्क’ म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. वर्गात सांगितले तर निम्मी मुले झाडाचे चित्र काढतील. या ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. संकट आले, ताप आला, जखम झाली, उपाशी राहिलो, की शरीराला तोलून धरणारे द्रव्य ते हेच. याच ग्रंथींचा दुसरा एक स्राव शरीरात मीठ धरून ठेवतो. आईच्या दोन्ही ग्रंथी निकामी झाल्या होत्या. सकाळी आठ वाजता, एरवी कॉर्टिसोल भरपूर असते त्या वेळी रक्त काढले, तर ते नावालाच होते. तरुणपणी तिला क्षय होऊन गेला होता; तो बरा झाला, पण जाता जाता या ग्रंथी घेऊन गेला. लंडनच्या गाय्ज इस्पितळातील थॉमस ॲडिसन याने १८५५ साली ज्या अकरा रोग्यांवरून या आजाराचे वर्णन केले, त्यांतही क्षयाने ग्रंथी खाल्लेले रोगी होतेच. लोणच्याच्या खाराचाही उलगडा झाला. शरीर मीठ धरू शकत नव्हते, म्हणून ते मागत होते. आई शरीराचे ऐकत होती आणि मी तिला दटावत होतो.

तिला गोळ्या मिळाल्या त्या हायड्रोकॉर्टिसोनच्या: सकाळी उठताच १० मिलिग्रॅम, दुपारी ५, संध्याकाळी ५. निरोगी ग्रंथी पहाटे जास्त आणि रात्री कमी देते, तिचीच ही नक्कल. जोडीला मीठ धरून ठेवणारी आणखी एक इवलीशी गोळी. पंधरा दिवसांत आई भाकरी थापायला बसली. कॉर्टिसोन हाती येण्यापूर्वी हा आजार झालेली माणसे थोड्याच वर्षांत जात. त्या संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मिळवणाऱ्या तिघांत एक तोच केंडॉल होता, ज्याने थायरॉक्सिन वेगळे केले! सासू-सुना दोघीही एकाच माणसाच्या ऋणात आहेत हे वाचून मला कोण आनंद झाला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनाही हाच आजार होता. १९४७ मध्ये लंडनला निदान झाले आणि १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो लपवला. आईला सांगितले, तर तिने एवढेच विचारले, “मग तो पण लोणचं चाटायचा का रे?”

माझी पहिली चूक इथे झाली. या गोळीला स्टिरॉइड म्हणतात. ‘स्टिरॉइड’ हा शब्द आईने ऐकला असता, तर तिने गोळी खिडकीबाहेर फेकली असती. कारण वाड्यातल्या एका शेजाऱ्याला गुडघ्यांसाठी एका भोंदूने पुड्या दिल्या होत्या. त्यात हेच द्रव्य मिसळलेले निघाले. तोंड सुजून गोल झाले, साखर चढली, हाडे पोकळ झाली, आणि पुड्या एकदम बंद केल्यावर तो बिछान्याला खिळला. बाहेरून महिनोन्महिने पुष्कळ मिळत राहिले की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. मग पुरवठा एकाएकी तोडला तर त्या जाग्या व्हायला वेळ लागतो. म्हणून ते औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायरीपायरीनेच उतरवायचे असते. आईची गोष्ट निराळी होती. तिला मिळत होते ते फक्त शरीराने स्वतः बनवले असते तेवढेच. ती उधळपट्टी नव्हती, थकलेला पगार होता. हे मी तिला समजावून सांगायला हवे होते. मला ते कष्ट नको होते. मी म्हटले, “आई, ही ताकदीची गोळी आहे.” घरात तेच नाव रूढ झाले. शब्दांच्या छटा शिकवून मी पगार घेतो, आणि घरात मी हा शब्द पेरला!

२०२२ च्या दिवाळीत २४ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले, पाडवा २६ ला, आणि मधल्या मंगळवारी खंडग्रास सूर्यग्रहण. सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळणार होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तळणीचे खाऊन आईचे पोट बिघडले. तीन-चार वेळा जावे लागले. मंगळवारी सकाळी तिने सांगितले, “आज वेध आहेत. पाण्याशिवाय काही घेणार नाही. पोटालाही आराम पडेल.” ही म्हणाली, “निदान गोळ्या तरी घ्या.” आईने माझ्याकडे पाहिले. आणि मी, वर्तमानपत्राआडून, नागपूरचे ते वाक्य उच्चारले, “एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही.”

खिळ्याला टांगलेल्या पंचांगात बालक, वृद्ध आणि आजारी यांना वेधांतून सवलत दिलेली होती. मी ते उघडूनसुद्धा पाहिले नाही. शास्त्रकर्ते माझ्याहून शहाणे होते.

हिच्या गोळीचा साठा शरीरात आठवडाभर रेंगाळतो. आईच्या गोळीचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून तर ती दिवसातून तीनदा घ्यायची. शिवाय पोट बिघडल्यावर तिला नेहमीपेक्षा जास्त हवी होती. मी होती तीही बंद केली. दुपारी ती झोपूनच होती. आम्हांला वाटले, उपवास. संध्याकाळी पोरे गच्चीवरून ग्रहण पाहून आली तेव्हा ती उठून बसली, आणि तशीच कलंडली. अंग गार, घामाने निथळलेले, ओकारी थांबेना. मी हाक मारली तर वडिलांचे नाव घेऊन मलाच काहीतरी विचारू लागली.

घराजवळच्या इस्पितळात तिला नेले. रक्तदाब वरचा सत्तरपर्यंत आलेला. कामावरच्या तरुण डॉक्टराने भराभर विचारले, “आजींना कोणती औषधं चालू आहेत?”

मी म्हणालो, “रक्तदाबाचं नाही, साखरेचं नाही. एक ताकदीची गोळी घेते.”

त्या मुलाने काय समजावे? टॉनिक समजला असेल. जुलाबांनी अंगातले पाणी गेले असे धरून त्याने सलाईन लावले, आणि ते योग्यच होते. पण रक्तदाब काही चढेना. अर्धा-पाऊण तास असा गेला. तेवढ्यात मुलांना शेजारी सोपवून ही येऊन पोचली. फडताळातली आईची पाकिटे तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. मी सांगितलेले कळताच तिने माझ्याकडे असे पाहिले की ते मी जन्मात विसरणार नाही. “अहो, ताकदीची काय म्हणता! डॉक्टर, स्टिरॉइड आहे ते. हायड्रोकॉर्टिसोन. आईंना ॲडिसनचा आजार आहे, आणि आज सकाळपासून एकही गोळी नाही.”

डॉक्टर अक्षरशः धावला. १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून गेले, सलाईन जोरात सोडले, साखर दिली. मध्यरात्रीपर्यंत रक्तदाब शंभरावर आला. पाडव्याच्या सकाळी आईने डोळे उघडून विचारले, “ग्रहण सुटलं का रे?”

इस्पितळातले पुढचे चार दिवस हे माझे शिक्षण होते, आणि शिक्षिका होत्या तिथल्या एक सिस्टर. मराठी एम.ए. झालेल्या माणसाला त्यांनी बिगरीपासून शिकवले. ताप आला की गोळी दुप्पट, भारी ताप असेल तर तिप्पट. ताप उतरला की डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवसांत पूर्ववत. दात काढायचा असला तरी आधी सांगायचे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा द्यायची; तीही टिकली नाही, तर गोळीची आशा सोडून मांडीत इंजेक्शन द्यायचे आणि इस्पितळाची वाट धरायची. इंजेक्शन आधी, रिक्षा मागाहून. “आणि सर,” त्या म्हणाल्या, “चुकून जास्त दिलं गेलं तर एका दिवसात काही होत नाही. कमी पडलं तर होतं. भ्यायचं असेल तर कमीला भ्या.” मी हे सारे वहीत उतरवून घेतले. विद्यार्थ्यांनी माझे इतके लक्षपूर्वक ऐकावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

इंजेक्शनचा सराव मोसंब्यावर झाला. लहान कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी सोडायचे, भुकटी पुरती विरघळू द्यायची, पिचकारीत ओढून घ्यायचे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ टोचायचे. माझा हात असा थरथरे की मोसंबे दोनदा टेबलाखाली गेले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मोसंबं ओरडत नाही, सर. आईंना टोचताना त्या ओरडल्या तर थांबायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

घरी आल्यावर वरच्या मजल्यावरच्या अप्पांनी माझी उजळणी घेतली. अप्पा कित्येक वर्षे इन्सुलिन टोचून घेतात, आणि या विषयात ते माझ्या विद्यापीठाचे कुलगुरूच होत. इन्सुलिनच्या पिचकाऱ्या दोन जातींच्या, हे मला त्यांच्याकडून कळले. लाल टोपीची ४० वाल्या कुपीसाठी, नारिंगी टोपीची १०० वाल्या कुपीसाठी. अदलाबदल होऊन १०० ची कुपी लाल टोपीने ओढली तर अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. अप्पांच्या सुनेच्या हातून असे एकदा होता होता राहिले, तेव्हापासून अप्पा स्वतःच्या चष्म्याखेरीज कोणावर विश्वास ठेवत नाहीत. “ग्रंथी घरात असताना फुकट काम करत होती,” ते म्हणाले, “आता तिच्या बदली माणूस ठेवला, तर हजेरी आपणच घ्यायची!”

आईला मी सगळे सांगितले, ‘स्टिरॉइड’ या शब्दासकट. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी ग्रहणात घेतली असती की! देवाला का कळत नाही?” खिडकीबाहेर काहीही गेले नाही. तिच्या बटव्यात आता एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड असते. आजाराचे नाव, गोळ्यांची नावे नि प्रमाण, आणि ‘स्टिरॉइड बंद करू नये, तातडीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यावे’ अशी लाल शाईतली ओळ. हिने माझ्याकडून ते तीनदा लिहून घेतले, कारण पहिल्या दोन वेळी, तिच्या मते, ते फक्त प्राध्यापकालाच वाचता येण्यासारखे होते. इंजेक्शनची पेटी फडताळात असते. तिच्यावरची तारीख दर सहा महिन्यांनी पाहायची, हे काम थोरल्या मुलाकडे आहे.

२०२४ च्या श्रावणात एका रात्री दोन वाजता हिने मला हलवून उठवले. आईला उलट्या होत होत्या, आणि दिलेल्या दोन्ही गोळ्या बाहेर आल्या होत्या. बाहेर मुसळधार पाऊस. हिने कुपी पुढे केली. मी पाणी सोडले, भुकटी विरघळेपर्यंत थांबलो, पिचकारीत ओढून घेतले. हात थरथरत होता, पण मोसंब्याइतका नाही. आई “अगं आई गं” म्हणून ओरडली. मी थांबलो नाही.

थोड्या वेळाने ती क्षीण आवाजात म्हणाली, “मोसंबं बरं होतं ना रे माझ्यापेक्षा?”

पहाटे इस्पितळात पोचलो तेव्हा तिचा रक्तदाब शंभराच्या खाली उतरलेला नव्हता. कामावर एक नवीच मुलगी होती, हातात कागद घेऊन. तिने मला विचारले, “आजींना कोणती औषधं चालू आहेत?” मी तोंड उघडले, तोच ढकलखाटेवरून आई बोलली, “हायड्रोकॉर्टिसोन. दहा, पाच, पाच. आणि मिठाची एक वेगळी. ह्याला विचारू नकोस गं बाळ, हा तिला ताकदीची गोळी म्हणतो.”